पुणे ते सावंतवाडी, बॅटरीवर

पहाटेचे सहा, पुणे. इलेक्ट्रिक गाडीत ९५ टक्के बॅटरी, डिकीत गणपतीचं सामान, आणि मागच्या सीटवर आई, जिचा कालपासून एकच प्रश्न आहे, मधेच बंद पडली तर?

आधी हिशोब सांगतो. बॅटरी ४० युनिटची, कागदावर रेंज साडेचारशेच्या वर, पण चार माणसं, एसी आणि हायवे म्हटलं की अडीचशे ते पावणेतीनशेच धरायची. कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, म्हणजे एका चार्जमधे पोचता येईल, पण खंबाटकीची चढण आहे, रस्त्याचं काम चालू आहे, आणि जीव मुठीत धरून कशाला जायचं. शिवाय स्पीड. ८० नी चाललात तर टक्के निवांत उतरतात, १०० च्या वर गेलात की हवेचा विरोध एवढा वाढतो की बघता बघता वीस-पंचवीस किलोमीटरची रेंज गायब.

म्हणून कराडजवळ एका हॉटेलच्या आवारात थांबलो. अ‍ॅपवर चार्जर हिरवा दाखवत होता, प्रत्यक्षात स्क्रीनवर एरर. हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणाले टेक्निशियन संध्याकाळपर्यंत येईल. आमच्याकडे ३१ टक्के. शेवटी हॉटेलचे वॉचमन काका आले, चार्जरच्या बाजूचं ते मोठं लाल, तातडीनं बंद करायचं बटण बघितलं आणि म्हणाले, "पोरांनी दाबलं असंल, फिरवा की उजवीकडं." फिरवलं, बटण टक करून बाहेर आलं, स्क्रीन परत सुरू झाली, जाड केबलची ती जड गन गाडीला लावली आणि चहा-मिसळ होईस्तोवर, म्हणजे साधारण तासाभरात, ८० टक्के. त्याच्या पुढं थांबण्यात अर्थ नसतो, ८० नंतर चार्जिंग मुद्दाम मंद होतं, बॅटरी जपायला.

मला खरं हेच दाखवायचंय. हायवेवर ठरावीक अंतरावर चार्जर असावा असं केंद्राच्या नियमावलीत आहे, एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ झालाय, हे सगळं चांगलंच आहे. पण पेट्रोल पंपावर एक माणूस उभा असतो, नोझल खराब असेल तर तो दुसऱ्या मशीनकडं पाठवतो. चार्जरपाशी कुणीच नसतं. त्या काकांना हे काम कुणी शिकवलं नव्हतं, पगारही त्याचा नाही, बघून बघून शिकले. अशी माणसं नेमा हो, आणि त्यांना त्याचे पैसे द्या.

कोल्हापूरनंतर आजरा, मग आंबोली. घाट उतरताना आईला मीटर दाखवला, बॅटरी उतरायच्या ऐवजी दोन टक्के वाढली, कारण उतारावर मोटरच जनरेटर होते. आई पहिल्यांदा हसली.

सावंतवाडीला माझ्या काकांच्या घरी १५ अँपियरच्या सॉकेटला वायर लावली तर चार्जरवर लाल दिवा. जुनं घर, अर्थिंगच नाही. गावातला वायरमन आला, परसात खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून प्लेट पुरली, वायर ओढून घेतली, आणि रात्री नऊला हिरवा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाली तेव्हा गाडी पूर्ण भरलेली होती, आणि शेजारचे मुंबईकर विचारत होते, आमची पण लावू का?