गुडघ्यावर बेतलेले सूर

(दृश्य: वाद्याची खालची बाजू. गुडघा सरकतो, एक बारीक सळी ओढली जाते.)

पेडल स्टील गिटार म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार. ती वाजवताना दोन्ही हात तारांवर असतात. डावं पाऊल तारांचे सूर बदलणाऱ्या पेडलांवर, उजवं व्हॉल्यूम पेडलवर. उरतात ते गुडघे, आणि त्यांच्यासाठी वाद्याखाली लिव्हर लावलेल्या असतात. गुडघा जरासा सरकवला की सळी ओढली जाते, तारेचा ताण बदलतो आणि वाजत असलेला सूर मींड घेतल्यासारखा चढतो किंवा उतरतो.

कोणत्या लिव्हरने कोणती तार बदलायची, हे वादकाला स्वतः ठरवता येतं. हवे असलेले बदल कागदावर लिहून काढणं सोपं असतं. ते दोन गुडघ्यांत वाटून देणं अवघड, कारण कोणता बदल कोणाच्या जोडीला दाबता येईल, यावरच त्याची किंमत ठरते.

ही समज जुनी आहे. 1954 साली अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्स यांचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात स्टील गिटारवादक बड आयझॅक्स यांनी तारा घुमत असतानाच पेडल दाबलं आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, डोळ्यांदेखत बदलावी तशी कानांदेखत बदलली. त्या एका पेडलवरचे बदल पुढे वादक बडी एमन्स यांनी दोन पेडलांवर वेगळे केले. आता दोन्ही एकत्र दाबता येत होते आणि एकेकटेही. या वाद्याची पुढची सगळी वाट मला त्या निर्णयात दिसते.

(दृश्य: दहा तारा, वरून. बार एकाच फ्रेटवर, म्हणजे तारांखालच्या सुरांच्या खुणेवर, स्थिर.)

कंट्री संगीताच्या नॅशव्हिल शहरात रुळलेलं ई-नाइन ट्यूनिंग, म्हणजे तारा जुळवण्याची पद्धत, घेऊ. तारा मोकळ्या सोडल्या की त्यांत ई मेजर मिळतो. पेडलांची नावंही स्वरांसारखीच ए आणि बी. ए पेडल बी स्वराचा सी शार्प (सी पेक्षा अर्धा स्वर वर) करतं, बी पेडल जी शार्पचा ए करतं. दोन्ही दाबली की बार न हलवता ए मेजर.

आता पहिली लिव्हर. चौथी आणि आठवी तार ई स्वराची. त्या अर्ध्या स्वराने चढवून एफ केल्या आणि सोबत ए पेडल दाबलं, की मूळचीच मेजर कॉर्ड तीन फ्रेट वर सापडते. सात फ्रेटवर ती ए आणि बी पेडलांनी मिळते. म्हणजे एकाच कॉर्डला तीन मुक्काम झाले, शून्य, तीन आणि सात. गाण्यातली कितीतरी वळणं या मुक्कामांमधून जातात.

दुसरी लिव्हर त्याच तारा अर्ध्या स्वराने उतरवते. पाचवी, सातवी आणि आठवी तार छेडली की बी मेजर. सोबत सहावी तार घेऊन बी पेडल दाबलं की बी सेव्हन्थ. पट्टीतल्या तिन्ही मुख्य कॉर्ड एकाच फ्रेटवर आल्या!

हे दोन बदल एकाच वेळी कधीच लागत नाहीत. तार एकदम चढणार आणि उतरणार कशी? म्हणून दोन्ही सहसा डाव्या गुडघ्यालाच देतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. एमन्स मांडणीत ए पेडल सर्वांत डावीकडे असतं. एकटं ए दाबायला पाऊल डावीकडे कलतं, म्हणून चढवणारी लिव्हरही गुडघ्याच्या डावीकडे. दुसरे वादक जिमी डे यांच्या मांडणीत पेडलांचा क्रम उलटा, तिथे लिव्हरच्या बाजूही सहसा उलटतात.

(दृश्य: वाद्य उलटं ठेवलेलं. सळ्या, आडवे दांडे, छोटे नट.)

दोन तारा एकाच लिव्हरला जोडल्या की यंत्राचा प्रश्न येतो. चौथी तार बारीक आणि साधी, आठवी गुंडाळलेली. दोघींना लागणारी ओढ सारखी नसते, त्यामुळे एक आधी पोचते, दुसरी मागे राहते. सळी वेगळ्या छिद्रात अडकवून ही ओढ जुळवावी लागते. या कामाला घाई चालत नाही. तारा एका लयीत सरकल्या नाहीत, तर कॉर्ड बदलताना क्षणभर बेसूर ऐकू येते.

उजव्या गुडघ्याकडे सहसा दुसरी आणि नववी तार जाते. दुसरी डी शार्पवरून डी आणि पुढे सी शार्पपर्यंत उतरते. मध्ये डीपाशी हलका अडथळा ठेवतात, म्हणजे गुडघ्याला थांबा कळतो. उरलेली एक लिव्हर मी सुरांच्या ओळी वाजवणाऱ्याला पहिल्या तारेसाठी सुचवेन.

पाचवी लिव्हर मिळाली तर बी अर्ध्या स्वराने उतरवून बी फ्लॅट करावा. एकटा हा बदल साधाच वाटतो. पण ए आणि बी पेडलं दाबून ही लिव्हर लावली आणि तार सी स्वरावर नीट जुळवली, तर ए मेजरचा ए मायनर होतो. मला हा या वाद्यावरचा सर्वांत हळवा बदल वाटतो. तो बहुधा डावा गुडघा वर उचलून करायच्या लिव्हरवर असतो. पाऊल खाली दाबायचं आणि गुडघा वर न्यायचा. घोटा मोकळा असेल तर जमतं. नाही जमलं, तर हा बदल उजव्या गुडघ्यावर हलवावा आणि पहिल्या तारेला ती उभी लिव्हर द्यावी.