सौंदर्य कुणासाठी? उत्क्रांतिविचार आणि कला

मित्रहो,

1879 मध्ये उत्तर स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला नावाचा एक जमीनदार जमीन उकरून आदिमानवाची हत्यारं शोधत होता. बरोबर त्याची लहान मुलगी मारिया होती. तिनं मान वर केली आणि तिला छतावर रंगवलेले तांबडे-काळे गवे दिसले. पुढच्या वर्षी साउतुओलानं एक पुस्तिका छापून ही चित्रं अतिप्राचीन माणसाची आहेत असं मांडलं. त्या काळच्या नामवंत प्रागितिहासतज्ज्ञांनी ते फेटाळलं. चित्रं अलीकडची, बनावट आहेत असा संशय घेतला गेला. 1888 मध्ये साउतुओला वारला, तेव्हाही तो संशय फिटला नव्हता. पुढे फ्रान्समध्येही तशीच गुहाचित्रं सापडू लागली, आणि मग 1902 मध्ये, विरोधकांतला अग्रणी एमिल कार्तेयाक यानं जाहीर लेख लिहून आपलं चुकलं हे मान्य केलं.

आजच्या विषयाची सुरुवात मी इथून करतो आहे, कारण ही चित्रं नाकारणारे सगळे काही जुन्या मताचे धर्मनिष्ठ लोक नव्हते. त्यांच्यात उत्क्रांतिवादाचे कट्टर समर्थक होते. माणूस रानटी अवस्थेतून पायरी पायरीनं वर चढत आला, ही त्यांची खात्री होती. मग सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस इतकी कसलेली चित्रं काढेलच कशी? त्यांच्या मनात उत्क्रांती म्हणजे शिडी होती. डार्विननं शिडी सांगितलीच नव्हती. 1837 साली त्यानं आपल्या टिपणवहीत जे रेखाटन केलं ते फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाचं आहे, आणि 1859 च्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात एकच आकृती आहे, तीही फांद्यांचीच.

माझं म्हणणं असं आहे की कलाविचारानं उत्क्रांतीकडून जे उचललं, ते बहुतेक ही शिडीच होती. सौंदर्याबद्दल डार्विनला जे खरोखर नवं सांगायचं होतं, ते मात्र जवळपास शंभर वर्षं पडून राहिलं.

शिडीनं काय केलं ते आधी पाहू. 1910 च्या सुमारास व्हिएन्नातला वास्तुकार आडोल्फ लूस यानं 'अलंकरण आणि गुन्हा' या अर्थाच्या शीर्षकाचं व्याख्यान दिलं. आधुनिक वास्तुकलेत त्याचा दबदबा मोठा आहे. त्याची सुरुवात कशापासून होते? आईच्या पोटातल्या गर्भापासून. गर्भ प्राणिसृष्टीच्या सगळ्या अवस्थांमधून जातो, मग मूल मानवजातीच्या अवस्थांमधून जातं, असं लूस सांगतो. ही कल्पना जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यानं लोकप्रिय केली होती, आणि त्या रूपात ती जीवशास्त्रानं पुढे टाकून दिली. लूसनं तिच्यावर इमारत उभी केली: पापुआतला माणूस अंग गोंदवून घेतो ते त्याच्या अवस्थेला धरून आहे, पण आधुनिक माणूस गोंदवून घेत असेल तर तो गुन्हेगार किंवा ऱ्हास पावलेला. संस्कृतीची उत्क्रांती म्हणजे वापरातल्या वस्तूंवरून नक्षी नाहीशी होत जाणं, हा त्याचा सिद्धांत. सपाट, कोऱ्या भिंतींची इमारत 'प्रगत' आणि वेलबुट्टीची 'मागासलेली', हे आपल्याला आज आपोआप वाटतं, त्यामागे या विचाराचा वाटा आहे. मला साधेपणा आवडतो. पण आपली आवड ही निसर्गनियमाची आज्ञा आहे असं सांगणं मला घातक वाटतं.

घातक हा शब्द मी जपून वापरतो आहे. शिडीवर चढता येतं तसं घसरताही येतं. 'ऱ्हास' ही कल्पना डार्विनपेक्षा जुनी आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला जीवशास्त्राचं वजन मिळालं. 1892 मध्ये माक्स नॉर्डाऊ यानं याच नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि वाग्नर, इब्सेन, टॉलस्टॉय, झोला अशा एकेकाला मेंदूच्या ऱ्हासाची लक्षणं लावली. कलाकृतीवर टीका करायची सोडून कलाकाराच्या शरीराचं निदान करायचं, ही पद्धत त्यानं रूढ केली. नॉर्डाऊ स्वतः ज्यू होता. 1937 मध्ये म्युनिकमध्ये नाझींनी भरवलेल्या 'ऱ्हास पावलेली कला' या प्रदर्शनात संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे 650 कलाकृती निंदेसाठी टांगल्या गेल्या, आणि त्यांत ज्यू चित्रकारांचीही चित्रं होती.

साहित्याला मी यापेक्षा बरेच गुण देईन. साहित्यिकांना काळाची खोली समजली. इंग्लिश कवी टेनिसननं निसर्गाच्या रक्ताळलेल्या दात-नखांची ओळ 1850 मध्येच लिहिली होती, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या आधी, भूशास्त्र वाचून. थॉमस हार्डीच्या 1873 मधल्या एका कादंबरीत नाइट नावाचा माणूस समुद्रकाठच्या कड्यावरून घसरतो आणि हातांवर लोंबकळत राहतो. त्याच्या चेहऱ्यासमोर, खडकात, ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे. त्या प्राण्याला डोळे आहेत, दगड झालेले, आणि ते त्याच्याकडे पाहताहेत. मधली कोट्यवधी वर्षं गळून पडतात आणि ते दोघे मरणाच्या एकाच जागी भेटतात. उत्क्रांतीवरच्या कितीतरी प्रबंधांना जे जमलं नाही ते इथे काही परिच्छेदांत होतं: माणूस सृष्टीच्या केंद्रातून अलगद बाजूला सरकतो, आणि तरीही त्याची भीती लहान होत नाही.

एच. जी. वेल्स तर डार्विनचा खंदा पुरस्कर्ता थॉमस हक्सली याच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला. 1895 मध्ये त्यानं 'द टाइम मशीन' लिहिली. तिचा नायक इसवी सन 8,02,701 मध्ये पोहोचतो, तेव्हा त्याला देवतुल्य महामानव भेटत नाही. ऐषआरामात वाढलेल्या वर्गाचे नाजूक, मंदबुद्धी वंशज वर आणि राबणाऱ्यांचे वंशज जमिनीखाली, अशा दोन जाती त्याला दिसतात. उत्क्रांती प्रगतीची हमी देत नाही, हे वेल्सला लूसच्या पंधरा वर्षं आधी कळलं होतं.

हेकेलचं नाव आलं आहे, तर त्याच्या चित्रांबद्दल बोललं पाहिजे. 1899 ते 1904 या काळात त्यानं निसर्गातल्या कलारूपांची शंभर चित्रपटलं प्रसिद्ध केली: जेलीफिश, समुद्रपुष्पं, आणि विशेषतः रेडिओलारिया. हे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. त्यांचा सिलिकाचा सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली जाळीदार घुमटासारखा दिसतो. 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी रने बिने या वास्तुकारानं जे भव्य प्रवेशद्वार बांधलं, त्याचा आकार त्यानं अशाच एका रेडिओलारियावरून घेतला. डोळ्यांना दिसणारही नाही अशा जीवाखालून लाखो माणसं चालत गेली. हेकेलच्या वंशविषयक मतांबद्दल मला तिटकारा आहे, त्याच्या आकृत्यांत सममिती जरा जास्तच चोख केलेली आहे हेही खरं. तरी त्या चित्रांनी माणसांना पाहायला शिकवलं.

पण रेडिओलारियाचा सांगाडा कुणासाठी सुंदर आहे? डार्विननं नेमका हाच प्रश्न आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांत डायाटम या सिलिकाच्या कवचाच्या सूक्ष्म शैवालांच्या बाबतीत विचारला. त्या सूक्ष्म पेट्या सूक्ष्मदर्शकातून कौतुक व्हावं म्हणून निर्माण झाल्या का? त्याचं उत्तर असं की काही सौंदर्य वाढीच्या सममितीतून आपसूक येतं. फुलांचं वेगळं आहे: वाऱ्यानं परागीभवन होणाऱ्या झाडांची फुलं भडक नसतात, कीटकांना बोलावणारी असतात. मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडची मधुनळी जवळपास एक फूट लांब पाहून डार्विननं 1862 मध्ये तितक्याच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे असं लिहिलं. 1903 मध्ये तसा पतंग शास्त्रीय वर्णनासह नोंदला गेला. म्हणजे फुलाच्या रूपात पाहुण्याची नजर मिसळलेली आहे.

तिसरा प्रकार त्याला सर्वांत जास्त छळत होता. एप्रिल 1860 मध्ये त्यानं अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलं की मोराचं पीस पाहिलं की मला मळमळायला लागतं. जगण्याच्या झगड्यात अडचणीचाच ठरणारा पिसारा आला कुठून? 1871 च्या ग्रंथात त्यानं उत्तर दिलं: लांडोरीला आवडला म्हणून. पिढ्यान् पिढ्या मादीनं निवडलं आणि नर घडत गेला. आर्गस फेझंट या पक्ष्याच्या पंखांवर खोबणीत ठेवलेल्या चेंडूसारखी छायांकित वर्तुळं असतात. डार्विननं एकाच पक्ष्याच्या पिसांवर साध्या ठिपक्यापासून त्या वर्तुळापर्यंतच्या मधल्या अवस्था शोधून दाखवल्या. पक्ष्यांना सौंदर्याची आवड असते, असं तो स्पष्ट म्हणतो.

हे विधान किती धाडसी आहे ते थांबून पाहा. तोवर सौंदर्य एकतर देवाच्या हातचं होतं किंवा माणसाच्या बुद्धीचं. इथे ते एका पक्षिणीच्या पसंतीतून जन्मतं. विरोध लगेच झाला. सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्लिश जीवशास्त्रज्ञानं लिहिलं की मादीची लहर इतकी चंचल असते की तिच्यामुळे रंग टिकूच शकणार नाहीत. त्या वाक्यात जीवशास्त्र कमी आणि स्त्रियांबद्दलचा ग्रह जास्त आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेसचा विरोध मात्र विचारपूर्वक होता. नैसर्गिक निवड डार्विनइतकीच त्यालाही सुचली होती. नराचा झळाळ ही त्याच्या जोमाची खूण, आणि मादीच्या आवडीची गरज नाही, असं तो म्हणाला. स्वर्गपक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) हाती आल्यावर, पाहणारं कुणी नसताना हे सौंदर्य रानात युगानुयुगं जन्मत आलं याचं त्याला दुःख झालं होतं, आणि सगळे जीव माणसासाठी निर्माण झालेले नाहीत हेही त्यानं तिथेच लिहिलं. मला वाटतं, पाहणारं कुणीतरी होतं. स्वर्गपक्ष्याची मादी होती.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं 1915 मध्ये आणि पुन्हा 1930 मध्ये दाखवलं की आवड आणि अलंकार एकमेकांना खेचत वाढत जाऊ शकतात, त्यासाठी उपयोगाची गरज नाही. तरी प्रत्यक्ष प्रयोगाला बराच काळ जावा लागला. 1982 मध्ये माल्टे अँडरसननं केनियात लांबशेपट्या विडोबर्डच्या काही नरांच्या शेपट्या कापल्या आणि काहींना जोड देऊन लांबवल्या. लांबवलेल्या शेपटीच्या नरांच्या हद्दीत सर्वांत जास्त नवी घरटी झाली. निसर्गात नव्हती इतकी लांब शेपूट माद्यांना पसंत पडली. पनामातल्या तुंगारा बेडकाचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. नर एक लांब सूर काढतो आणि त्याला कधी कधी 'चक्' असा तुकडा जोडतो. मादी तुकडा जोडणाऱ्याकडे जाते. बेडूक खाणारं वटवाघूळही त्याच तुकड्यावर येतं. गाणं जितकं सजवावं तितका जीव धोक्यात.

आज वाद दोन गटांत आहे. 1975 मध्ये जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावीनं मांडलं की पिसारा हे ओझं आहे म्हणूनच तो नराच्या ताकदीचा पुरावा ठरतो. दुसरीकडे रिचर्ड प्रम यांच्यासारखे पक्षितज्ज्ञ म्हणतात की बराचसा अलंकार कशाचाही पुरावा नसतो, तो फक्त आवडतो. मी प्रम यांच्या बाजूला झुकतो, पण निकाल लागलेला नाही. मोरांवरच पाहा: इंग्लंडमधल्या अभ्यासांत डोळ्यांसारखे ठिपके जास्त असलेल्या पिसाऱ्याचे नर लांडोरींना पसंत पडताना दिसले, तर 2008 मध्ये जपानमधून आलेल्या दीर्घ अभ्यासात तशी पसंती आढळलीच नाही.

माणसाच्या कलेबद्दल मी यातून घाईनं काही काढणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सत्तर हजार वर्षांहून जुन्या गेरूच्या तुकड्यावर कुणीतरी जाळीची रेघारेघांची नक्षी कोरली आहे. ती जोडीदारासाठी होती, टोळीसाठी की हाताच्या आनंदासाठी, हे सांगणारा कोणताही सिद्धांत मला पुरेसा वाटत नाही. प्रेमाराधनेतून संगीत आलं असं डार्विननंही सुचवलं, पण अंगाई आणि मर्तिकाचं रडगाणं त्यात बसवताना ओढाताण होते.

शेवटी एक प्रयोग सांगतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारं छोटं यंत्र बसवलं होतं. मोर समोर नाचत असताना त्या बराच वेळ भोवतालाकडेच पाहत होत्या. मोराकडे पाहिलं तेव्हा नजर मुख्यतः पिसाऱ्याच्या खालच्या भागावर होती. त्याच्या डोक्याकडे आणि पिसाऱ्यावरच्या वरच्या ठिपक्यांकडे क्वचितच. आपल्याकडच्या आणि इतर देशांच्या चित्रांत मात्र मोर ओळखू येतो तो तुऱ्यामुळे आणि वर पसरलेल्या कमानीमुळे.