उचलीची वही

नमस्कार श्रोतेहो. तमाशाचा विषय निघाला की आपण ढोलकीचं बोलतो, लावणीचं बोलतो. मला आज फडमालकाच्या खिशातल्या वहीबद्दल बोलायचंय.

चार हंगाम मी एका फडात पेटी वाजवली. पावसाळ्यात फड बंद असतो. घरात पीठ नसतं, पोरांच्या शाळा सुरू झालेल्या असतात. नेमका तेव्हा मालक दारात येतो आणि उचल देतो, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे. ती फेडायची दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, रोज नव्या गावात नाचून, ट्रकमध्ये झोपून. आजारी पडलात की खाडा. खाडा वहीत, औषधाचे पैसेही वहीत. वही मालकाची, लिहिणारा हात मालकाचा. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा बाकी निघतेच, आणि ती पुढच्या दसऱ्याला जाऊन चिकटते.

आमच्या फडातल्या एका नाचणारीची आई वारली. मातीला जाऊन येते म्हणाली. मालक म्हणाला, "उचल खाली ठेव आणि खुशाल जा." रात्री ती गवळणीला बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, उभी राहिली. पेटीवर मी होतो. तिचा सूर एकदाही हलला नाही. ते आठवलं की आजही माझ्या पोटात तुटतं.

तमाशातल्या थोर कलावंत विठाबाई नारायणगावकरांनी खेळ चालू असताना पडद्यामागे बाळाला जन्म दिला, दगडानं नाळ तोडली आणि त्या पुन्हा नाचायला आल्या, ही हकीकत आपण कौतुकानं सांगतो. आमचा मालक ती पोरींना सुनवायचा, त्यांनी रजा मागितली की. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या त्याच विठाबाई २००२ साली हलाखीत गेल्या, हे मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

मालकही सावकाराकडून व्याजानं पैसा आणतो, मला ठाऊक आहे. २०२० आणि २०२१ मध्ये जत्रा बंद राहिल्या तेव्हा मालकही बुडाले. पण ते व्याज नाचणारीच्या पायांनी का फेडायचं?

आपल्या देशात १९७६ पासून वेठबिगारीविरुद्ध कायदा आहे. उचल दिली म्हणून माणसाला अडकवून ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, हे त्या कायद्यानं वेठबिगारीच ठरतं. अशी वेठबिगारी सिद्ध झाली तर ते कर्जच रद्द होतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. फडात हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी इथून सांगतोय. राहुटीत कुणी रेडिओ लावला असेल तर त्यानं शेजारणीलाही सांगावं.

आणि गावकऱ्यांनो, गुढीपाडव्याच्या सुमारास तुमचे पंच नारायणगावला, जिथं तमाशाचे फड ठरवले जातात तिथं, जत्रेतल्या खेळाची सुपारी ठरवायला जातील. खेळाचा आकडा ठरला की मालकाला एवढं विचारा: यातले नाचणारीच्या हातात किती पडतात, आणि तिच्या घरी कुणी वारलं तर तिला जाता येतं का? सुपारीचा पैसा तुमच्या वर्गणीचा आहे. उत्तर मिळाल्याशिवाय विसार देऊ नका.