दोन वर्षं मागे : महायुद्धातले इटालियन रणगाडे

मित्रहो, दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन रणगाड्यांचा विषय निघाला की पुष्कळ जण हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. त्या पत्र्यांच्या आत बसून लढलेली माणसं भित्री नव्हती. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी लिबियात बीर एल गुबीला ब्रिटिशांची २२वी आर्मर्ड ब्रिगेड इटलीच्या 'आरिएते' या रणगाडा डिव्हिजनवर चालून गेली आणि त्या ब्रिगेडलाच मागे हटावं लागलं. इटालियनांच्या खंदकात रोवलेल्या तोफा, ट्रकवर चढवलेल्या नौदलाच्या १०२ मिलिमीटर तोफा आणि एम१३/४० रणगाडे यांनी मिळून ती लढाई जिंकली.

एम१३/४० नीट बघा. वजन १४ टन, इंजिन १२५ अश्वशक्तीचं, बुरुजात ४७ मिलिमीटरची तोफ. १९४० साली ही तोफ अजिबात कमी नव्हती. ब्रिटिश रणगाड्यांवरची दोन पौंडी तोफ फक्त चिलखतभेदी गोळे टाकायची. इटालियन तोफेकडे स्फोटक गोळाही होता, म्हणजे समोरच्या तोफखान्यावर आणि पायदळावरही ती चालायची. दुखणं बाकी सगळ्यात होतं. चिलखताचे तक्ते वेल्ड केलेले नव्हते, रिव्हेट ठोकून जोडलेले होते. बाहेर गोळा आदळला की रिव्हेट तुटून आतल्या माणसांच्या अंगावर गोळीसारखे उडायचे. बुरुजात दोनच माणसं, त्यामुळे कमांडरनेच लढाईवर नजर ठेवायची, त्यानेच नेम धरायचा आणि त्यानेच तोफ डागायची. सुरुवातीच्या रणगाड्यांना रेडिओ नव्हते. वाळवंटातल्या धुळीत निशाणं हलवून इशारे द्यायचे! फेब्रुवारी १९४१ मध्ये लिबियातल्या बेदा फोमला ब्रिटिशांनी या रणगाड्यांचा धुव्वा उडवला, तो मुख्यतः यामुळेच. शिवाय चालकांना नवी यंत्रं हाती येऊन फार दिवस झाले नव्हते.

त्याआधीची अवस्था आणखी वाईट. सैन्याने आल्प्सचे अरुंद रस्ते डोळ्यांसमोर ठेवून एल३ ही तीन-सव्वातीन टनांची, दोन माणसांची, मशीनगनची छोटी गाडी शेकड्यांनी घेतली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात रशियन टी-२६ रणगाड्यांसमोर ती निरुपयोगी ठरली, तरी १९४० साली युद्धात उतरताना भरणा तिचाच होता. त्यानंतरच्या एम११/३९ ची ३७ मिलिमीटर तोफ बुरुजात नव्हती, तर पुढच्या अंगात बसवलेली होती. ९ डिसेंबर १९४० ला इजिप्तमधल्या निबैवाच्या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनसोबत ७८ मिलिमीटर चिलखताचे ब्रिटिश मटिल्डा रणगाडे आले, तेव्हा छावणीबाहेर उभ्या एम११ ना ते जागच्या जागी संपवत गेले.

हे असं का झालं? इटलीत वर्षाला जेमतेम वीस लाख टनांच्या आसपास पोलाद तयार होई. जर्मनीत त्याच्या कितीतरी पट. कोळसा बाहेरून यायचा. पण केवळ गरिबीवर बोट ठेवून मी सुटणार नाही. रणगाड्यांचं काम व्यवहारात दोनच कारखानदारांच्या हाती होतं : इंजिनं तुरीनच्या फियाट गटाची, चिलखत आणि जोडणी जिनोव्हाच्या आन्साल्दोची. परवाना घेऊन जर्मन रणगाडे इटलीत बांधण्याची बोलणी झाली, पण ती पुढे सरकली नाहीत. स्पर्धा नसल्यामुळे तोच सांगाडा वाढवत राहिले : एम१४/४१ ला १४५ अश्वशक्ती, एम१५/४२ ला पेट्रोलचं १९२ अश्वशक्तीचं इंजिन. एम१५ सैन्याच्या हाती येऊ लागला तेव्हा समोर ७५ मिलिमीटर तोफेचा, तीस टनी अमेरिकन शर्मन रणगाडा उभा होता. चार महिने उशीर झाला असता तर सोसता आला असता. इथे तो दोन वर्षांचा होता.

मला सगळ्यात जास्त हळहळ पी२६/४० या जड रणगाड्याची वाटते. काम १९४० मध्ये सुरू झालं. रशियन टी-३४ रणगाड्याची ओळख झाल्यावर चिलखत तिरकं केलं, ७५ मिलिमीटरची लांब नळी बसवली. कागदावर हा रणगाडा चांगलाच होता. पण इतक्या वजनाला ओढणारं इंजिन वेळेत तयारच होईना. मागणी हजाराहून अधिकची होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची दोस्त राष्ट्रांशी युद्धबंदी जाहीर झाली तोवर मोजकेच तयार झाले होते. पुढे जर्मनांनी कारखाना ताब्यात घेऊन एकूण शंभरेक बांधले. काही १९४४ मध्ये रोमच्या दक्षिणेला आन्झिओजवळ लढले, आणि ज्यांना इंजिनच मिळालं नाही ते जमिनीत रोवून तोफेचे बुरूज म्हणून वापरले.

आणि याच कारखान्यांनी एक उत्तम यंत्रही दिलं. तोफखान्यातले कर्नल बेर्लेझे यांच्या कल्पनेतून फेब्रुवारी १९४१ मध्ये सेमोव्हेंते ७५/१८ या स्वयंचलित तोफगाडीचा नमुना उभा राहिला. बुरूज काढून टाकायचा, एम१३ च्याच सांगाड्यावर आखूड नळीची ७५ मिलिमीटर तोफ बसवायची, एवढंच. गाडी बुटकी, लपायला सोपी. आणि चिलखत भेदणारा पोकळ स्फोटक (हॉलो चार्ज) गोळा मिळाल्यावर तिने शर्मनलाही भेदलं. इटलीच्या शरणागतीनंतरही जर्मनांनी तिच्या थोरल्या भावंडांचं, म्हणजे मोठ्या तोफांच्या सेमोव्हेंतेंचं, उत्पादन चालू ठेवलं, कारण त्यांच्या स्वतःच्या सैन्याला त्या हव्या होत्या.