ताऱ्यांची चुळबूळ

नमस्कार श्रोतेहो. ८ जून २००४ रोजी सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्राचा काळा ठिपका आपल्यापैकी काहींनी सौरचष्म्यातून पाहिला असेल. त्या वेळी सूर्यप्रकाश सुमारे एक सहस्रांशाने घटला होता, पण भर दुपारी ती घट कोणाला जाणवलीही नाही. दूर कुठे सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर घट याहून कितीतरी कमी, म्हणजे दहा लाख भागांत अवघी ८४ भाग असते. तीही फार तर तेरा तास टिकते आणि वर्षातून एकदाच घडते.

वातावरणामुळे तारे लुकलुकत असल्याने एवढी सूक्ष्म घट मोजून असे ग्रह शोधायला दुर्बीण अवकाशातच हवी, असा नासाच्या विल्यम बोरुकी यांचा आग्रह होता. त्यांचा प्रस्ताव चार वेळा फेटाळला गेला. इतके अचूक मोजमाप शक्य आहे हे पटवण्यासाठी त्यांच्या गटाने प्रयोगशाळेतच कृत्रिम तारे उभे केले. धातूच्या पत्र्याला बारीक छिद्रे पाडून त्यांतून प्रकाश सोडला, काही छिद्रांवर अतिशय बारीक तार ताणली आणि त्या तारेतून किंचित वीज सोडली. तार तापून जेवढी फुगे, तेवढाच प्रकाश अडे. तोच त्यांचा ग्रह. मला या साऱ्या कथेत ही तारच सर्वांत देखणी वाटते.

अखेर २००१ मध्ये मंजुरी मिळाली आणि मार्च २००९ मध्ये केप्लर दुर्बीण अवकाशात गेली. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत येण्याचा योग पृथ्वीसारख्या कक्षेसाठी दोनशेत एखादाच असल्याने, हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या परिसरातील सुमारे दीड लाख तारे तिने एकाच वेळी नजरेखाली ठेवले. छायाचित्रकाराला लाज वाटेल अशा किंचित धूसर प्रतिमा ती मुद्दाम घेत असे, कारण प्रकाश अनेक बिंदूंवर पसरला की मोजमाप अधिक भरवशाचे होते.

२०११ मध्ये केप्लर-२०ई हा पृथ्वीपेक्षाही लहान ग्रह सापडला, पण त्याचे वर्ष सहा दिवसांचे. तिथे पाणी टिकणे अशक्य. २०१४ मध्ये जाहीर झालेला केप्लर-१८६एफ पृथ्वीपेक्षा थोडाच मोठा आणि वसतियोग्य पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रवरूपात टिकू शकेल एवढ्या अंतरावर असला, तरी त्याचा तारा लहान, तांबडा आहे.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभराची फेरी घालणारी हुबेहूब पृथ्वी मात्र निसटत राहिली. याचे कारण दुर्बिणीपेक्षा ताऱ्यांत अधिक होते: ते आपल्या सूर्याहून सरासरीने जास्त चंचल निघाले आणि त्यांच्या तेजातील नैसर्गिक चढउतारांत ८४ भागांची घट हरवू लागली. उपाय एकच, अधिक वर्षे पाहत राहणे. त्यासाठी २०१२ मध्ये मुदतवाढही मिळाली. पण त्याच वर्षी दुर्बिणीची दिशा स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी एक बंद पडले आणि मे २०१३ मध्ये दुसरे. नेम धरायला किमान तीन लागत असल्याने त्या दीड लाख ताऱ्यांवरची पाळत तिथेच थांबली.