उलट्या ब्रशनं

(फळीवर ब्रशनं तपकिरी रंग चढतोय.)
फळी २२.६ बाय १८.७ सेंटिमीटरची. मूळ चित्रही एवढंच, वहीच्या पानाएवढं. डच चित्रकार रेम्ब्राँनं १६२८च्या सुमारास केलेलं स्वतःचं तैलचित्र. तेव्हा तो बाविशीच्या आसपास होता. त्याची नक्कल उतरवणारी ही मुलगीही बाविशीतलीच.

मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. कोल्हापुरातल्या या खोलीत आहे ती संग्रहालयानं सगळ्यांना फुकट दिलेल्या फाइलची प्रिंट. प्रिंटमध्ये चेहरा तांबूस, मोबाइलवर हिरवट. त्यामुळे सर रंगाचं नावच काढत नाहीत. टोन बघ म्हणतात, म्हणजे कुठं गडद, कुठं फिकं.

(बारीक केलेले डोळे.)
उजेड कुठं आहे? मानेवर, कानाच्या पाळीवर, गालाच्या कडेला, नाकाच्या शेंड्यावर. संपलं. डोळे सावलीत. पहिल्या दिवशी तिनं ते बुबुळांसकट कोरून काढले होते. सरांनी चिंधीनं पुसून टाकले.
"डोळे आहेत हे तुला माहितेय. दिसतायत का?"

सावली पातळ, टर्पेंटाइनमधल्या अंबर या तपकिरी माती-रंगाची. उजेड मात्र जाड. रेम्ब्राँचा पांढरा शिशाचा होता, हिच्या पॅलेटवर टायटॅनियम व्हाइट आहे. तो थंड पडतो, म्हणून कणभर ऑकर, पिवळी माती.

(केस, अगदी जवळून.)
आता हे नीट बघा. केसांचा रंग ओला असतानाच रेम्ब्राँनं त्यात ब्रशचा दांडा ओढला. एकेक कुरळी बट अशी रंग खरवडून आलीय.
हिनं केस सोमवारी रंगवले आणि दांडा हातात घेतला गुरुवारी. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, आणि अंबरमधलं मँगनीज ते काम भराभर उरकतं. दांडा नुसता करकरला. सगळं खरवडलं, पुन्हा रंगवलं. या वेळी एकाच बैठकीत.

(दांडा ओल्या रंगातून फिरतोय. निवेदन नाही.)

नक्कल म्हटलं की नाकं मुरडतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले ग्रिफिथ्ससाहेब तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून अजिंठ्याला जात, ते भिंतींवरची चित्रं उतरवायलाच. त्यातले पेस्तनजी बमनजी पुढं व्यक्तिचित्रांसाठी नावाजले. त्यांना कुणी नकलाकार म्हटलं नाही.

फळीच्या पाठीवर 'रेम्ब्राँवरून' लिहिलं. विकायची नाही.

(खिडकीपाशी आजी. कानातल्या कुडीवर ऊन.)
आता समोर आजी. पाऊण तास बसलीय. उठून बघते आणि विचारते, "डोळे कधी काढणार गं?"