हळद, कुंकू आणि दृष्टिपटल

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड. सौदे चालू आहेत. खरेदीदार राजापुरी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो.]

निवेदन:
हळकुंड मोडतात ते आतला रंग बघायला. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कुरक्युमिन, 425 नॅनोमीटर लहरलांबीच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि बाकीचा परत पाठवतं. आपल्या डोळ्यातल्या, रंग टिपणाऱ्या पेशींपैकी निळ्या शंकुपेशी सर्वांत संवेदनशील असतात 420 च्या आसपास. म्हणजे हळद नेमका त्यांच्याच वाटणीचा प्रकाश गिळते. तो कमी पडलाय, हे कळायला मात्र पेशींची अख्खी साखळी लागते.

[दृश्य: दृष्टिपटलाचा आडवा छेद, ॲनिमेशन.]

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पडदा, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्यात सर्वांत मागे असतात. मंद उजेडासाठी दंडपेशी, रंगासाठी शंकुपेशी. शंकुपेशी तीन प्रकारच्या: निळ्या 420, हिरव्या 530, लाल 560 नॅनोमीटरला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या. ही नावं सोयीची, पण फसवी आहेत, कारण एकट्या शंकुपेशीला रंग कळतच नाही. किती प्रकाशकण शोषले, एवढंच ती मोजते. आवडत्या लहरलांबीचा मंद प्रकाश आणि नावडत्या लहरलांबीचा प्रखर प्रकाश तिला सारखाच वाटू शकतो. रंग कळतो तो दोन पेशींच्या हिशेबातली वजाबाकी केल्यावर.

तिची बोलायची रीतही उलटी आहे. अंधारात शंकुपेशी ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सतत सोडत असते. उजेड पडला की हात आखडता घेते. साखळीतल्या पुढच्या, म्हणजे द्विध्रुवी पेशींचे त्यामुळे दोन गट पडतात. ग्लुटामेट घटल्यावर काही जाग्या होतात, काही शांत होतात. उजेड वाढला आणि उजेड घटला, या दोन्ही बातम्या इथूनच वेगळ्या तारांवर जातात.

[दृश्य: पांढऱ्या ताटलीत हळद. शेजारी हळदीत चुन्याची निवळी पडते, रंग लाल होतो.]

आता वजाबाकी. हळदीचा प्रकाश लाल आणि हिरव्या शंकूंना भरपूर मिळतो, निळ्यांना अगदी थोडा. निळ्या शंकूंची खबर त्यांच्याच खास द्विध्रुवी पेशींमार्फत एका छोट्या, दुमजली (दोन थरांत फांद्या पसरलेल्या) गँग्लिऑन पेशीच्या, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशीच्या, आतल्या मजल्यावर पोचते. बाहेरच्या मजल्यावर लाल-हिरव्यांची, उलट्या चिन्हाने. निळं पाहिलं की ही पेशी खणखणते, हळद पाहिली की मंदावते. 1994 साली डेसी आणि ली या संशोधकांनी माकडाच्या दृष्टिपटलावर हिचे संदेश थेट नोंदवले.

कुंकवासाठी हळदीला चुना लागला की कुरक्युमिनचं शोषण लांब लहरींकडे सरकतं. हिरवा प्रकाशही गिळला जातो आणि हिरव्या शंकूंचा प्रतिसाद लाल शंकूंपेक्षा कितीतरी खाली येतो. हा फरक टिपतात मिजेट नावाच्या छोट्या गँग्लिऑन पेशी. दृष्टीच्या ऐन मध्यावर अशा पेशीच्या केंद्राला एकच शंकू जोडलेला असतो, भोवतीच्या शंकूंचा संमिश्र प्रतिसाद त्यातून वजा होतो. ही वजाबाकी शेजारच्या शंकूंना आडवं जोडणाऱ्या आडव्या पेशी सुरू करतात. त्या लाल-हिरव्यात भेद करत नाहीत, तरी एकाच शंकूच्या केंद्रामुळे फरक उरतो. बारीक अक्षरांचा तपशीलही याच तारांवरून जातो. नजरेच्या कडेला मात्र एका मिजेट पेशीला अनेक शंकू जोडलेले असतात, म्हणून तिथे लाल-हिरव्याची पारख ढिली पडते.

घरी करून पाहा. पांढऱ्या कागदावर मोहरीएवढा एक ठिपका हळदीचा, एक कुंकवाचा काढा आणि पावलापावलाने मागे सरका. हळद आधी हरवते. एक तर पांढऱ्यावर पिवळ्याचा उठाव कमी. शिवाय निळे शंकू एकूण शंकूंच्या दहा टक्क्यांहूनही कमी, आणि दृष्टीच्या ऐन मध्यावर एकही नाही.

रंग पारखताना चूक होते तीही इथेच. ढिगाकडे एकटक पाहत राहिलं की लाल-हिरवे शंकू थकतात आणि पिवळं फिकं वाटू लागतं. अधूनमधून राखाडी पृष्ठभागावर नजर टेकवावी. रंगीत ताडपत्रीखाली माल पाहू नये. ताडपत्री प्रकाश गाळते आणि शंकूंचा हिशेब आधीच बिघडलेला असतो. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होऊन निळा प्रकाश अडवतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सगळं निळसर दिसतं ते म्हणूनच.

[दृश्य: आटपाडीकडचा माळ. बेंदूर. खिलार बैलाच्या शिंगांना हिंगूळ, म्हणजे लाल रंग, लावतात.]

या बैलाच्या डोळ्यात शंकू दोनच प्रकारचे. बहुतेक सस्तन प्राण्यांचं असंच. निळ्या-पिवळ्याची वजाबाकी त्याच्याकडे आहे, ती फार जुनी. लाल-हिरव्याची नाही. आपल्या वानरकुळातल्या पूर्वजांत एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाची शेजारीच दुसरी प्रत तयार झाली आणि बदलत गेली, तेव्हा ही वजाबाकी आपल्याला मिळाली. शिंगांवरचा हिंगूळ आणि पायाखालचं गवत बैलाला एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटांत दिसतं. हळदीचा भंडारा मात्र त्याला निळ्या आभाळापासून वेगळा ओळखता येतो.